गाडीच्या तोलाची कुळकथा

उसाच्या मोळ्यांचा शेवटचा थर चढवण्यापूर्वी गाडीवान जुवाखाली हात घालून ते किंचित उचलून पाहतो, आणि त्या एका उचलण्यात त्याला जे कळते त्यासाठी आपल्या भाषेने स्वतंत्र शब्द राखून ठेवले आहेत. बोजा चाकांच्या मागे अधिक झाला तर गाडी 'उलाळ', म्हणजे जू वर उठून बैलांच्या गळ्यातल्या सापत्या आवळणार. पुढे अधिक झाला तर ती 'धुरजड', म्हणजे सारा भार मानेवर. या दोहोंमधला तोल साधण्याचे जे शास्त्र गाडीवान हाताने जाणत होता, तेच अमेरिकेतील ट्रेलरवाल्यांना मोटारीच्या युगात पोलादाच्या साहाय्याने नव्याने शोधावे लागले.

फारसी 'कारवान' म्हणजे प्रवाशांचा काफिला. हा शब्द युरोपात गेला, इंग्लंडात त्याला चाकांवरील घर असा अर्थ आला, आणि 1885 मध्ये आरमारातील निवृत्त शल्यवैद्य गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' नावाचे असे घर केवळ हौसेच्या भ्रमंतीसाठी बांधवून घेतले. त्याला घोडे जुंपलेले असत. जनावराची जागा यंत्राने घेतली तेव्हा 'जू ठेवावे कोठे' हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी 1920 च्या दशकात जो 'एअरोकार' नावाचा ट्रेलर काढला, त्याची जोडणी त्यांनी मोटार फाडून तिच्या मागच्या आसाजवळ आणून ठेवली. परंतु आपल्या चांगल्या मोटारीची अशी चिरफाड सामान्य कुटुंबाला मानवणारी नव्हती. त्यामुळे वॉली बायम यांच्या 1936 च्या रुपेरी 'क्लिपर'सारख्या घरांनी लोकांना वेड लावले त्या काळापासून आजतागायत बहुतेकांचा प्रघात एकच राहिला: बंपरपाशी, आसापासून बरेच मागे, लोखंडी गोळा बसवावा आणि त्यावर ट्रेलरच्या दांडीची वाटी अडकवावी.

या सोयीतच दुखणे दडलेले होते. ट्रेलर सरळ चालायचा तर त्याच्या एकंदर वजनाचा 10 ते 15 टक्के भार गोळ्यावर असावा लागतो. 3000 किलोच्या ट्रेलरचा 12 टक्के भार धरला तर तो 360 किलो होतो. गोळा मागच्या आसाच्या 1.2 मीटर मागे असेल आणि मोटारीच्या दोन आसांत 3 मीटर अंतर असेल, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरचा 144 किलो भार उठतो आणि मागच्या चाकांवर 504 किलोंची भर पडते. मोटार मागून बसते, दिव्यांचा झोत वाटेऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडतो, आणि सुकाणूचक्र हातात पोकळ वाटू लागते. घाबरून भार मागे सरकवावा, तर ट्रेलर उलाळ होऊन शेपटासारखा हेलकावू लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात यावर जी तजवीज रूढ झाली, ती मला यंत्रविद्येतील अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. गोळ्याखालच्या ठोकळ्यात लवचीक पोलादाच्या दोन लांब कांबी खोचायच्या, त्या ट्रेलरच्या त्रिकोणी दांडीखालून मागे न्यायच्या, आणि त्यांची टोके साखळीने वर ताणून बांधायची. मोटारीला मागे एकचाकी ढकलगाडीच्या दोन मुठी फुटल्या आहेत आणि कोणी बलदंड माणूस त्या वर उचलून धरीत आहे, अशी कल्पना केली म्हणजे झाले. भार नाहीसा होत नाही, वाटला जातो. काही पुढच्या चाकांकडे परततो, काही ट्रेलरच्या आसावर जातो. दक्ष मालक जोडणीपूर्वी सपाट जमिनीवर पुढच्या चाकावरील कमानीची उंची पट्टीने मोजून ठेवतो. जोडल्यावर ती 5 सेंटीमीटरने वाढली, तर साखळीची एकेक कडी आखडत सुमारे निम्मी वाढ उतरवतो. अनेक मोटारकारखानदार हल्ली एवढीच मर्यादा घालून देतात, कारण कांबी अतिरेकाने ताणल्या तर मागची चाके हलकी पडतात.

पण हेलकाव्यावर हे औषध नव्हे, आणि दोन दुखण्यांना एकच मात्रा समजणे हा मला या विषयातला सर्वांत घातक गैरसमज वाटतो. शेजारून मोठा ट्रक गेला की वाऱ्याच्या धक्क्याने ट्रेलर गोळ्याभोवती वळतो, टायर त्याला माघारी आणतात, आणि तो मध्य ओलांडून पलीकडे जातो. वेग बेताचा असेल तर प्रत्येक झोका लहान होत विरतो, विशिष्ट वेगापलीकडे मात्र तो वाढतच जातो. तो विशिष्ट वेग किती हे बव्हंशी सामान कोठे ठेवले यावर ठरते. पाण्याची टाकी, सायकली, जड पेट्या मागच्या टोकाला लादून नंतर उत्तमातले उत्तम उपकरण विकत घेणे म्हणजे उलाळ गाडीला नवे जू आणण्यासारखे आहे. म्हणून आधी वजनकाटा, मग कांबी, आणि त्यानंतर हेलकावे रोखणारे साधन, हाच क्रम मी धरीन.

त्या साधनांतही घराणी आहेत. सर्वांत साधे म्हणजे घर्षणपट्टी, जी झोक्याची शक्ती उष्णतेत जिरवते. हलक्या ट्रेलरला ती पुरते. त्याहून जाणते साधन म्हणजे कांबींच्या टोकांशी खाचा आणि उंचवटे यांची जोडी, जिच्यामुळे ट्रेलर सरळ रेषेतच स्थिरावू पाहतो. या दोन्ही साधनांनी हेलकावा दाबला जातो, त्याचे मूळ मात्र राहतेच. जिम हेन्सली यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ते मूळच हलवले: एकमेकांकडे कललेल्या दोन दुव्यांच्या रचनेने त्यांनी ट्रेलरचे वळण्याचे केंद्र, गोळा आहे तेथेच ठेवून, परिणामतः मोटारीच्या मागच्या आसाकडे सरकवले. कर्टिस यांनी मोटार फाडून जेथे जोडणी नेली होती, जवळजवळ त्याच जागी.