गोलरक्षकाची साधने आणि त्यांचे माप : वऱ्हाडच्या दृष्टीने हॉकीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

भारतीय हॉकीचा इतिहास बहुधा आघाडीच्या खेळाडूंच्या दृष्टीने लिहिला गेला आहे. ध्यानचंदांचे चेंडूवरील असामान्य प्रभुत्व, लागोपाठ मिळालेली ऑलिंपिक सुवर्णपदके आणि कृत्रिम मैदाने आल्यावर त्या कलेची झालेली पीछेहाट, ही या इतिहासाची रूढ सूत्रे होत. गोलरक्षक त्यात क्वचितच दिसतो. आणि दिसलाच तर पुष्कळदा पराभवाचा धनी म्हणून. त्याने पायांस काय बांधले होते, ते त्याच्या मापाचे होते किंवा नव्हते, आणि ते त्याच्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोचले, हे प्रश्न तर अभ्यासकांनी जवळजवळ बाजूसच ठेवले आहेत.

वस्तुतः हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. गोलरक्षकाच्या साधनांचा इतिहास म्हणजे केवळ वेताची जागा फोमने घेतल्याचा वृत्तान्त नव्हे. मैदानाचा पृष्ठभाग बदलला, त्यामुळे चेंडूचा वेग बदलला. वेगाबरोबर नियम व डावपेच बदलले. आणि या सर्वांचा भार अखेर एका माणसाच्या अंगावरील साधनांवर येऊन पडला. साधन मापाचे असणे ही पूर्वी सोय होती. ती हळूहळू कौशल्याची अट बनली. ही अट महानगरातील खेळाडूपेक्षा यवतमाळसारख्या जिल्ह्यातील खेळाडूस अधिक जाचक ठरते, आणि या प्रकरणाचे खरे महत्त्व तेथेच आहे.

१

विदर्भाच्या दृष्टीने या इतिहासाचा आरंभ नागपूर येथे करणे उचित होईल. १९२८ साली ॲम्स्टरडॅम येथे भारताने हॉकीतील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. त्या संघाचा गोलरक्षक रिचर्ड ॲलन याचा जन्म १९०२ साली नागपूर येथे झाला होता. त्या स्पर्धेतील ५ सामन्यांत भारताने २९ गोल केले आणि एकही गोल स्वीकारला नाही. २९ गोलांचे श्रेय कोणाचे हे सर्वांस ठाऊक असते. दुसऱ्या रकान्यातील शून्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ॲलनच्या जन्मानंतर पुढच्याच वर्षी, १९०३ साली, वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताशी जोडला गेला, आणि १९०५ साली जुन्या वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. अशा रीतीने ॲलनचे जन्मस्थान हे यवतमाळकरांचेही प्रांतिक राजधानीचे शहर ठरले.

त्या काळच्या गोलरक्षकाचा संच साधा होता. पायांस क्रिकेटच्या पॅडशी नाते सांगणारे पॅड असत : उभ्या वेताच्या कांबी, त्यांवर कॅनव्हास वा चामड्याचे आवरण, आत कापसाचे भरण आणि मागे वाद्या व बकले. बुटांवर चामड्याचे किकर आणि हातांत मोजे. डोक्यावर काही नसे. चेंडू गवतावरून येत असल्याने त्याचा वेग वाटेतच काहीसा जिरून जाई, आणि उरलेला वेग वेत व कापूस जिरवीत. पॅडवर आदळलेला चेंडू पायाशी मरून पडे. गोलरक्षकाने तो क्षणार्धात लाथेने दूर धाडावयाचा असे. त्या काळच्या गोलरक्षणाचे तंत्र ‘आधी अडवणे, मग मारणे’ असे दोन पायऱ्यांचे होते, आणि ते साधनाच्या या गुणधर्मावर उभे होते.

या साधनांचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. फाळणीपूर्वी क्रीडासाहित्याचे मोठे केंद्र सियालकोट होते. १९४७ नंतर तेथील अनेक कारागीर व व्यावसायिक जालंधर आणि मेरठ येथे स्थिरावले. साहित्य बनत असे दूर; परंतु ते दुरुस्त करण्यास तितके दूर जावे लागत नसे. तुटलेली कांब बदलणे, झिजलेली वादी शिवणे, बकल वर-खाली करणे, सैल भागात कापूस भरणे, ही कामे तालुक्याच्या गावचा मोचीही करू शकत असे. साधन खेळाडूच्या अंगास जुळवून घेण्याची ही क्रिया स्थानिक हातांत होती. यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात तर भरणाची वानवा असण्याचे कारणच नव्हते.

२

याच सुमारास कॅनडात बर्फावरील हॉकीच्या गोलरक्षकाचे साधनही क्रिकेटच्या पॅडपासूनच घडत होते. हॅमिल्टन येथील एमिल केनेस्की हा घोड्यांचे साज तयार करणारा कारागीर. त्याने १९२० नंतरच्या दशकात क्रिकेटचे पॅड बाजूंनी रुंद करून बर्फावरील गोलरक्षकास योग्य असे नवे पॅड सिद्ध केले. दोन्ही खेळांचा उगम एकाच साधनात असूनही पुढे त्यांच्या वाटा भिन्न का झाल्या, याचे उत्तर आकड्यांत सापडते.

हॉकीच्या चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम असते, आणि बर्फावरील रबरी चकतीचे, म्हणजे पकचे, सुमारे १५६ ते १७० ग्रॅम. मारा करणारी वस्तू जवळजवळ समान वजनाची आहे. परंतु बर्फावरील गोल १.८३ मीटर रुंद व १.२२ मीटर उंच, तर मैदानी हॉकीचा ३.६६ मीटर रुंद व २.१४ मीटर उंच असतो. दुसऱ्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या सुमारे साडेतीनपट भरते. बर्फावरील गोलरक्षक आपल्या देहाने व पॅडने गोलाचा मोठा भाग झाकू शकतो. मैदानी गोलरक्षकास ते शक्य नाही. त्याला गोल झाकावयाचा नसतो, गोलात धावावयाचे असते. म्हणून एका खेळात साधनाच्या आकारमानास महत्त्व आले, तर दुसऱ्यात त्याच्या हलकेपणास व अंगाबरोबर वळण्याच्या गुणास.

नियमांतही हा भेद उमटला. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगने २००५ साली पॅडची कमाल रुंदी १२ इंचांवरून ११ इंचांवर आणली, आणि पुढे पॅडची उंची प्रत्येक गोलरक्षकाच्या पायाच्या मापावरून ठरविण्याची पद्धत स्वीकारली. बुटक्या खेळाडूने उंच पॅड घालून गोल झाकू नये, हा त्यामागील हेतू. तेथे माप हा न्यायाचा प्रश्न झाला. मैदानी हॉकीत मात्र सर्वांस एकच कमाल मर्यादा आहे : पायातील पॅड ३०० मिलिमीटर रुंद, आणि हातातील संरक्षक २२८ मिलिमीटर रुंद व ३५५ मिलिमीटर लांब. त्या मर्यादेच्या आत कोणाला काय जुळते हे ठरविणे खेळाडूवर, अथवा त्याला साहित्य पुरविणाऱ्यावर, सोपविलेले आहे.

डोक्याच्या संरक्षणाबाबत बर्फावरील खेळाचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्क येथील सामन्यात पकचा मार लागून चेहरा फाटल्यावर जॅक प्लांट हा गोलरक्षक मुखवटा घालून पुन्हा मैदानात उतरला, आणि पुढे त्याने तो टाकला नाही. तोवर मुखवट्याने दृष्टी अडते, शिवाय तो घालणे भित्रेपणाचे लक्षण होय, असा समज होता. गोलरक्षकाचे धैर्य त्याच्या उघड्या चेहऱ्यावरून मोजण्याची ही रीत मैदानी हॉकीसही अपरिचित नव्हती. १९५६, १९६० व १९६४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताचा गोल राखणारे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शंकर लक्ष्मण हेल्मेटाशिवायच खेळले. १९६४ साली टोकिओच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानवर मिळालेल्या १–० अशा विजयात त्यांच्या गोलरक्षणाचा वाटा मोठा होता.

३

१९७५ साली भारताने क्वालालंपूर येथे गवतावर विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रिअल ऑलिंपिकमधील हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत ७ व्या स्थानी फेकला गेला. या घटनेची कारणमीमांसा करताना छोटे पास, ड्रिब्लिंग आणि शारीरिक क्षमता यांविषयी विपुल लिहिले गेले. परंतु सपाट मैदानावर वेग न गमावता येणारा चेंडू सर्वांत शेवटी ज्याच्यावर आदळतो त्याच्या वाट्यास काय आले, याचा विचार तुलनेने थोडा झाला.

१ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेतील अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून १–७ असा पराभूत झाला. तो सामनाही कृत्रिम मैदानावर झाला होता. लोकक्षोभ मात्र उसळला तो गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्यावर, आणि त्यांच्या निष्ठेविषयीही शंका घेतली गेली. १९९८ साली बँकॉक येथे भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तेच नेगी संघाच्या गोलरक्षकांचे प्रशिक्षक होते. एका माणसावर दोष टाकणे सोपे असते. मैदान, साधन व सराव यांच्यातील विसंगती शोधणे कष्टाचे असते.

साधनांतील परिवर्तन या नव्या वेगातून आले. वेत आणि कापूस यांच्या जागी दाट फोम आला. न्यूझीलंडमधील पामर्स्टन नॉर्थ येथील ओबोसारख्या संस्थांनी त्याचे पॅड व किकर साच्यात घडविले. फोम हलका, पाणी न शोषणारा. पाणी मारलेल्या कृत्रिम मैदानावर हा गुण मोलाचा. परंतु त्याचा स्वभाव वेताच्या उलट आहे. वेत चेंडू मारून टाकतो, फोम चेंडू उसळवून दूर फेकतो. परिणामी ‘आधी अडवणे, मग मारणे’ हे जुने तंत्र मागे पडले आणि पायाचा कोन साधून चेंडू एकाच स्पर्शात धोक्याबाहेर वळविण्याचे तंत्र पुढे आले. कोनावर भिस्त आली तेव्हा किकर पायावर तसूभर फिरणेही महागात पडू लागले.

पेनल्टी कॉर्नरच्या नियमांनी यात भर घातली. कॉर्नरवरचा पहिला फटका हिट असल्यास चेंडू ४६० मिलिमीटरपेक्षा उंच जाता कामा नये. फ्लिकला ही मर्यादा नाही. या फटीतून ड्रॅग-फ्लिकचा उदय झाला. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने गोलाच्या वरच्या कोपऱ्याकडे येणाऱ्या चेंडूपुढे केवळ पायांचे संरक्षण अपुरे ठरले. छाती, दंड, गळा, मांड्या या सर्वांना आच्छादन आले. आज हेल्मेट, पॅड व किकर यांवाचून पूर्ण सज्ज गोलरक्षकास खेळता येत नाही. त्यातच बरोबरीच्या सामन्याचा निर्णय शूटआउटने होऊ लागला. त्यात आक्रमक २३ मीटरच्या रेषेपासून निघतो, त्याला ८ सेकंद मिळतात, आणि गोलरक्षकास सर्व आच्छादनांसह पुढे धावून, वळून, झेपावून त्याला रोखावे लागते. एकीकडे आच्छादन वाढले आणि दुसरीकडे चपळाईची अपेक्षाही वाढली. या दोन परस्परविरोधी मागण्यांचा मेळ घालणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माप.

४

मापाचा अर्थ येथे नेमका करणे आवश्यक आहे. पॅडचा गुडघ्याचा भाग गुडघ्यावरच बसला पाहिजे आणि खालची कड किकरवर टेकली पाहिजे. पॅड लांब असल्यास वाकताना त्याची वरची कड मांडीस टोचते व पाऊल आखूड पडते. आखूड असल्यास गुडघ्यावर उघडी जागा राहते. किकर बुटाच्या मापाचा हवा. हेल्मेट मान हलविली असता जागचे हलू नये आणि जाळीतून खालचा चेंडू दिसावा. छातीचे आच्छादन हात वर करताना गळ्याकडे सरकू नये. हातांच्या संरक्षकांबाबत तर मैदानी हॉकीत निवडीस वावच नाही. स्टिकची एकच बाजू सपाट असल्याने उजव्या हाताचे साधन स्टिक धरण्यास आणि डाव्या हाताचे चेंडू अडविण्यास घडविलेले असते. बर्फावरील गोलरक्षक मात्र झेलण्याचा हात कोणता हे आपल्या सवयीप्रमाणे ठरवू शकतो.

फोमच्या युगात ही सारी जुळवणी खरेदीच्या क्षणीच बहुतांशी ठरून जाते. पट्टा बदलता येतो. साच्यात घडलेला आकार बदलता येत नाही. मोचीच्या हातातील काम कारखान्याकडे गेले, आणि त्याबरोबर चुकीचे माप सुधारण्याची स्थानिक शक्तीही गेली. शिवाय संच महाग. केरळच्या पी. आर. श्रीजेश यांच्या वडिलांनी मुलाच्या गोलरक्षणाच्या साहित्यासाठी गाय विकल्याची हकीकत श्रीजेश यांनी स्वतः सांगितलेली आहे. टोकिओ व पॅरिस येथील दोन ऑलिंपिक कांस्यपदकांमागे शेतकरी कुटुंबाचा हा व्यवहार उभा आहे.

याच श्रीजेश यांच्या जागी उभे राहण्याचा प्रसंग यवतमाळच्या आकाश चिकटे यांच्यावर आला. ३० ऑक्टोबर २०१६ रोजी मलेशियातील क्वांतान येथे आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात श्रीजेश दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत. चिकटे यांनी गोल राखला आणि भारताने पाकिस्तानवर ३–२ असा विजय मिळविला. २०१७ साली ढाका येथे आशिया चषक जिंकणाऱ्या संघातही ते होते. त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी भुवनेश्वर येथे हॉकी वर्ल्ड लीगच्या उपांत्यपूर्व सामन्यात बेल्जियमशी ३–३ अशी बरोबरी झाल्यावर भारताने शूटआउट ३–२ असा जिंकला, तेव्हाही गोलात चिकटेच होते. वर वर्णिलेल्या परस्परविरोधी मागण्यांची याहून स्पष्ट परीक्षा दुसरी नाही.

वऱ्हाडातील काळ्या मातीचे मैदान उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चिखलते. मुरमाड जागी चेंडू वाटेल तसा उसळतो. अशा मैदानावर मुलाची नजर तयार होते, परंतु फोमच्या पॅडवरून चेंडू वळविण्याचा कोन तयार होत नाही. शाळा वा मंडळ बहुधा एकच संच घेते आणि बारा वर्षांचा व अठरा वर्षांचा मुलगा तोच आळीपाळीने बांधतो. तेथे साधन खेळाडूस जुळविले जात नाही, खेळाडूच साधनास जुळवून घेतो; आणि त्या जुळवणीत अंगी बाणलेले दोष पुढे प्रशिक्षकास वर्षानुवर्षे काढावे लागतात. एक खेळाडू जिल्ह्यातून राष्ट्रीय संघात पोचला, यावरून वाट मोकळी आहे असे अनुमान काढणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नाही. अपवादाची उंची वाटेच्या चढाचीच साक्ष देते.

सारांश, ॲलनपासून चिकटे यांच्यापर्यंतच्या सुमारे नव्वद वर्षांत विदर्भातील गोलरक्षकाचे धैर्य कमी-अधिक झाले असे मानण्यास आधार नाही. बदलले ते त्याच्या पायाखालचे मैदान आणि पायावरचे साधन, आणि ते साधन मापाचे करण्याचा अधिकार त्याच्या गावातून निघून गेला. जिल्हा पातळीवर निरनिराळ्या मापांचे दोन-तीन संच आणि ते जुळवून देणारा जाणता माणूस असणे, ही मागणी म्हणूनच दयेची ठरत नाही. जी सोय पूर्वी गावच्या मोच्याकडे होती, तिचीच ती भरपाई होय.