बासऱ्या, बरोककालीन (गोवा)

युरोपीय संगीताच्या बरोक काळात (सु. 1600–1750) उभा रेकॉर्डर आणि आडवी बासरी (त्राव्हेर्सो) ही दोन सुषिर वाद्ये प्रचारात होती. गोव्यात अशा युरोपीय बासऱ्यांचे वादन पोर्तुगीज अमलात, मुख्यतः चर्चच्या आश्रयाने सुरू झाले.

रचना : रेकॉर्डर अलगुजासारखा उभा धरतात. तोंडाशी बसवलेल्या लाकडी गुडदीमुळे फुंक थेट धारेवर पडते. पुढे सात छिद्रे, मागे अंगठ्याचे एक. अंगठा जरासा सरकवून ते किंचित उघडले, की वरचे सप्तक लागते. जोराने फुंकल्यास मात्र स्वर चढतो, त्यामुळे आवाजाच्या चढउताराला वाव कमी. आडव्या बासरीत फुंकीचा कोन ओठांनीच साधायचा असतो. सहा छिद्रे आणि करंगळीने दाबायची एक कळ. बाखच्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंपैकी (1721) दुसऱ्यात व चौथ्यात रेकॉर्डर आहे, पाचव्यात आडवी बासरी.

वाद्यनिर्माते : न्यूरेम्बर्गचा डेनर, पॅरिसचे ओतेतेर घराणे, लंडनचा ब्रेसां.

गोव्यातील वापर : सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जेझुइट पत्रांत सणांच्या मिस्सेला ऑर्गन, शरमेला (सनईच्या जातीचे वाद्य) व बासऱ्या वाजल्याचे उल्लेख येतात. जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात स्थानिक मुलांना गायन-वादन शिकवले जाई. या बासऱ्या उभ्या की आडव्या, हे पत्रलेखक सांगत नाहीत; त्या काळच्या युरोपीय चर्चमधील रिवाज पाहता त्या रेकॉर्डर असाव्यात, असे मानण्याकडे कल आहे. बरोक काळातील चर्चसंगीताचा सर्वांत बोलका दाखला 1663 चा. बॉम जेझू बॅसिलिकात सात गायकवृंदांची, वाद्यांच्या साथीसह झालेली रचना ऐकून इटालियन कार्मेलाइट पाद्री जुझेप्पे दी सांता मारिया याला आपण रोममध्येच आहोत असे वाटले. ती कारिस्सीमीची (1605–74) असल्याचे त्याला सांगण्यात आले. रोममधील समकालीन संगीतकाराचे नाव गोव्यात माहीत होते, हे विशेष. बासऱ्यांचा वेगळा उल्लेख त्यात नाही. प्रवासवर्णनकारांचे लक्ष गायकवृंदांच्या संख्येवर अधिक.

उत्तरकाल : 1759 मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली. पॅरिश शाळांत मेस्तांच्या (संगीतशिक्षकांच्या) हाताखाली सोल्फा (स्वरवाचन) व व्हायोलिन शिकवण्याची प्रथा मात्र टिकली. विसाव्या शतकात मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत वाजवणारे अनेक गोमंतकीय वादक याच परंपरेतले.