पत्र्यावरचा इतिहास

परगावच्या पाहुण्यांस चौमहल्ला राजवाडा दाखवावयास नेले की, दरबार हॉलमधील झुंबरांपेक्षा आमचे पाय एका पिवळ्या मोटारीपाशी अधिक रेंगाळतात. १९१२ ची ही रोल्स-रॉइस 'सिल्व्हर घोस्ट' सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी मागविलेली. परंतु ऑगस्ट १९११ मध्ये ते निवर्तले आणि सिंहासनासारखी बैठक असलेली ही मोटार त्यांच्या वारसाच्या वाट्याला आली. तिच्या नशिबी चालणे थोडे आणि उभे राहणेच फार. अनेक दशके धूळ खाल्ल्यावर तज्ज्ञांच्या हातून तिचा जीर्णोद्धार झाला आणि आता ती पुन्हा झळकते आहे.

दुसरे असे वाहन मुशीराबादेच्या बस भवनात आहे. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने रस्ता वाहतूक खाते उघडले, तेव्हा त्या खात्यापाशी २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या अल्बियन कंपनीच्या त्या गाड्या. त्यांपैकी एक जपून ठेवलेली आहे. शहरातील सरकारी बसच्या क्रमांकात आजही जे 'झेड' अक्षर दिसते ते सातव्या निजामांच्या मातोश्री झहरा बेगम यांच्या नावाचे, अशी आख्यायिका जुने लोक सांगतात. राज्य गेले, राज्याची भाषावार विभागणी झाली, एका राज्याची दोन राज्ये झाली. 'झेड' मात्र जागचे हलले नाही.

राजाची मोटार जपली गेली, सरकारची बस जपली गेली. हे योग्यच झाले. पण ज्या गाड्यांनी या शहरातील सामान्य माणसाचा संसार वाहिला, त्यांचे काय झाले? सुलतान बाजारातील कापडाचे गठ्ठे, बेगम बाजारातील मिरच्यांची पोती, नाटकाचे पडदे, लग्नाची भांडी आणि भाद्रपदात हुसेनसागराकडे निघालेला गणपती ज्या पिकअपांच्या हौद्यातून गेला, त्या सर्व कटरने कापून भंगारात विकल्या गेल्या. आम्ही स्वतः शासकीय सेवेत असताना निर्लेखन समितीवर काम केलेले असून अशा कित्येक वाहनांच्या मृत्युपत्रावर आमची सही आहे. तेव्हा पुढील हकीकत एका अपराध्याने लिहिली आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आमच्या बरकतपुऱ्यातील घराच्या मागील अंगणात एक जीप एफसी-१५० पिकअप १९८९ पासून उभी होती. 'एफसी' म्हणजे 'फॉरवर्ड कंट्रोल', अर्थात चालकाची बैठक इंजिनाच्या मागे नसून इंजिनाच्या बाजूलाच. अमेरिकेतील विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस ही गाडी काढली. ब्रूक्स स्टीव्हन्स या नामांकित अभिकल्पकाने तिचे रूप ठरविले होते. बॉनेट नाहीच, दर्शनी भाग बसका आणि डोळे वटारलेला. पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर अवघे ८१ इंच, त्यामुळे आमच्या जुन्या गल्ल्यांत ती सहज वळे. १९६५ पासून महिंद्र कंपनीने ती भारतात बनविण्यास प्रारंभ केला. इंजिन दोन्ही बैठकांच्या मधोमध झाकणाखाली असल्याने उन्हाळ्यात आत बसणाऱ्याची एक मांडी भाजून निघे.

महिंद्र कंपनीच्या जन्मकथेत हैदराबादचा एक धागा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. १९४५ मध्ये ही कंपनी निघाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' असे होते. त्यातील मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. त्यांनी काही काळ निजामाच्या दरबारी अर्थखाते सांभाळले होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या नावातील 'मोहम्मद' जाऊन दुसरे 'महिंद्र' आले. आद्याक्षरे तीच राहिली!

आमच्या गाडीचा पहिला धनी एक सरकारी खाते होते. १९७६ मध्ये त्या खात्याने ती लिलावात काढली आणि आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती घेतली. आमच्या आजोबांनी नांदेडाहून येऊन सुलतान बाजारात वह्या-पुस्तकांचे दुकान थाटले होते. अण्णांनी त्याला लहानसा छापखाना जोडला. लिलावातून आणलेली गाडी ओढूनच घरी आली. आम्ही त्या वेळी पंधरा वर्षांचे होतो. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अण्णांनी आणि आम्ही मिळून तिचे इंजिन खोलले. अण्णा काही मिस्त्री नव्हते. पण छपाईयंत्र खोलून बसविणाऱ्या माणसास लोखंडाचे भय राहत नाही. चादरघाटाचे एक वृद्ध मिस्त्री, त्यांना आम्ही चाचा म्हणत असू, शुक्रवार सोडून रोज संध्याकाळी येत आणि चहा पीत बसल्या बसल्या सूचना करीत. ते स्वतः पाना हातात धरीत नसत. "मियाँ, हात तुम्हारा काला होना, मेरा नक्को," असे त्यांचे म्हणणे.

गाडी दुरुस्त झाल्यावर अण्णांनी तिला गर्द हिरवा रंग दिला आणि छत्ता बाजारातील एका कातिबास बोलावून मागच्या फाळक्यावर दुकानाचे नाव लिहविले. वर मराठी, मध्ये उर्दू, खाली तेलुगू. कातिब उर्दूचे उस्ताद, मराठी अक्षरे त्यांनी अण्णांच्या हस्ताक्षरावरून गिरवून घेतली. त्यामुळे त्या देवनागरीला उर्दूचा झोक आला होता. पुढील तेरा वर्षे ही गाडी दुकानाची कमी आणि समाजाचीच अधिक होती. बिऱ्हाड बदलणाऱ्यांनी, नाटकवाल्यांनी, ग्रंथालयवाल्यांनी ती मागावी आणि अण्णांनी पेट्रोलचेही न विचारता द्यावी. अण्णा १९९१ मध्ये गेले.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या कन्येने ही गाडी पुन्हा चालती करण्याचा घाट घातला. ती यंत्र अभियांत्रिकीची पदवीधर. नोकरी मात्र, या शहराच्या आजच्या रीतीप्रमाणे, संगणकाची. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा. त्याचे तोंड सदा मोबाइलमध्ये असते, आईशी बोलणे हो-नाहीपुरते उरले आहे, तेव्हा दोघांनी मिळून काहीतरी करावे, असा तिचा हेतू. आम्हांस फक्त खुर्ची टाकून बसण्याची परवानगी होती. चाचांची जागा आम्हांस मिळाली म्हणावयाची.

चौतीस वर्षांत इंजिन जाम झाले होते. प्लगांच्या भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतून ते मुरू दिले, तेव्हा अकराव्या दिवशी क्रँक तसूभर हलला. या इंजिनाची रचना आजच्या मुलांस चमत्कारिक वाटावी अशी आहे. मिश्रण आत घेणाऱ्या झडपा वर हेडमध्ये, तर धूर बाहेर टाकणाऱ्या खाली ब्लॉकमध्ये. नातवाने ते हाताने उघडून पाहिले आणि मोबाइल बाजूस ठेवून तासभर आईला प्रश्न विचारीत बसला.

पानेही वेगळेच. नातवाच्या संचातील पाने मिलिमीटरचे, गाडीचे बोल्ट इंचाचे. बारा मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टला शिरत नाही आणि तेराचा सैल बसून कोपरे झिजवितो. शेवटी अण्णांची जुनी पेटी माळ्यावरून उतरविली. आमच्या आजीला सात हालीचे सहा कलदार हा हिशेब तोंडपाठ होता, त्याची आम्हांस आठवण झाली. निजामाचे हाली नाणे आणि ब्रिटिश भारताचा कलदार रुपया एकाच बटव्यात बाळगणाऱ्या पिढीला दोन मापांत जगण्याचे काही वाटत नसे.

एके दिवशी डावे चाक निघेना. नातू पान्यावर उभा राहिला, कन्येने पाइप लावून जोर केला, तरी नट ढिम्म. आम्ही खुर्चीवरून म्हणालो, "उलटा फिरव." जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. चाक फिरताना नट सैल होऊ नये म्हणून जुन्या कारखानदारांनी केलेली ती योजना. १९७६ मध्ये आम्हीही असेच त्या पान्यावर उभे राहिलो होतो आणि अण्णा हसत बघत होते.

सुट्या भागांसाठी मायलेकांनी राणीगंज पालथा घातला, वनस्थलीपुरमच्या ऑटोनगरात भंगाराचे ढीग उपसले आणि एका गुरुवारी जुमेरात बाजारातून मागच्या दिव्याची एक काच मिळविली. नातवाची दख्खनी त्या सुट्टीत बरीच सुधारली. मराठीबद्दल तेवढे म्हणता येत नाही.

खरा प्रश्न रंगाच्या वेळी उभा राहिला. फाळका पॉलिश पेपरने घासताना थर दिसू लागले. सर्वांत वर विटकरी रंग आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत दुकानाचे नाव. त्याखाली हिरवा. त्याखाली सरकारी खात्याचा फिकट निळा. आणि हिरव्या थरावर हळूहळू उमटत गेली ती कातिबाची अक्षरे. नातवाने तेलुगू ओळ तत्काळ वाचली, मराठी अडखळत वाचली, उर्दू ओळ आम्ही वाचून दाखविली. मग त्याने विचारले, "आजोबा, यावर हा लाल रंग कुणी मारला?"

तो रंग आम्हीच मारविला होता. १९८५ मध्ये आम्ही नुकतेच सरकारी नोकरीत लागलो होतो. कचेरीतील मित्रमंडळी घरी येत, आणि ती तीन लिप्यांची हिरवी गाडी आम्हांस गावंढळ वाटू लागली. इंग्रजी नाव अधिक शोभेल, अशी सूचना आम्ही केली. अण्णा एवढेच म्हणाले, "तुला बरे वाटते ना? मग कर." त्या फाळक्याविषयी ते पुन्हा कधी बोलले नाहीत. १९५६ साली मराठवाडा गेला आणि येथील मराठी माणूस एका रात्रीत परराज्यातला झाला, असे आम्ही अनेक सभांतून सांगत आलो आहोत. आमच्या दुकानाच्या नावावर मात्र कोणत्या सरकारने रंग फासला नव्हता.

टिंकरिंगवाल्याचे मत पडले की, रंगाखाली गंज आहे, पत्रा पूर्ण उघडा केल्याविना काही टिकणार नाही. कन्येचे तेच मत. नातू मात्र अडून बसला. राजवाड्यातील पिवळ्या मोटारीला पूर्ण नवा रंग दिला तर चालते, मग हिला का नाही, असे आईने विचारता तो म्हणाला, "तिच्यावर कुणी काही लिहिले नव्हते." दोन दिवस मायलेकांत अबोला होता. अखेर अक्षरे ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली, जुना फाळका जसाच्या तसा काढून ठेवला आणि सागवानी फळ्यांच्या हौद्याला नवा फाळका करविला. तो अजून कोरा आहे. नातू रोज संध्याकाळी ती अक्षरे कागदावर गिरवितो. उर्दूची ओळ त्याला सर्वांत चांगली साधते.

कायद्याची बाजू अधिक अवघड निघाली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांस 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी देण्याची सोय केली. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. पूर्वीची नोंदणी असल्यास जुना क्रमांक राखण्याची मुभा. मात्र ही सोय व्यक्तिगत, बिगर-व्यापारी वापराच्या वाहनांसाठी आहे. आमची गाडी आधी खात्याची आणि नंतर दुकानाची मालवाहू. आम्ही तो नियम चारदा वाचला. कष्टकरी वाहनास वारसा म्हणावे, असे तो लिहिणाऱ्यास सुचलेले दिसत नाही. शिवाय अण्णांच्या पश्चात गाडी आपल्या नावावर करून घेण्याचे आणि नोंदणीचे नूतनीकरण करण्याचे आमच्याकडून राहून गेले. आयुष्यभर इतरांच्या अर्जांवर 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा मारणाऱ्या माणसाची ही स्थिती! असो.

क्रमांकाचा आग्रह नातवाचाही आहे. या शहरात 'एपी' गेले, २०१४ मध्ये 'टीएस' आले, मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांना 'टीजी' मिळते. आमच्या गाडीवरील क्रमांक १९८९ पूर्वीच्या जुन्या धर्तीचा, तीन अक्षरांचा आहे. तो जाऊ नये म्हणून कन्येने अर्ज केला आहे आणि सोबत जुन्या लिलावाची पावती जोडली आहे. ती पावती अण्णांच्या पंचांगाच्या गठ्ठ्यात सापडली.

गेल्या दिवाळीत इंजिन सुरू झाले. ब्रेकचे काम अद्याप बाकी आहे, त्यामुळे गाडी अंगणातल्या अंगणात दहा हात पुढे आणि दहा हात मागे जाते. नव्या फाळक्यावर अक्षरे काढण्यापूर्वी एक अडचण उरली आहे. जुन्या फाळक्याची उजवी कड गंजून गेल्याने मराठी आणि तेलुगू ओळींतील शेवटची व उर्दू ओळीतील पहिली अक्षरे नष्ट झाली आहेत. नाव आम्हांस ठाऊक आहे, पण कातिबाने शेवटच्या अक्षराची शेपटी कशी ओढली होती ते आठवत नाही. १९७६ ते १९८५ या काळात ज्यांच्या घरचे लग्न, बिऱ्हाड वा गणपती या हिरव्या गाडीतून गेला असेल आणि ज्यांच्यापाशी तिचे मागून घेतलेले एखादे छायाचित्र असेल, त्यांनी ते संपादकांमार्फत आम्हांस पाहावयास द्यावे. प्रत काढून घेऊन मूळ छायाचित्र परत पोहोचविले जाईल.