आमच्या संपादकांची चूल कशावर पेटत होती?

वृत्तपत्रविद्येच्या वर्गात माझ्याबरोबर वस्तीतून, तांड्यावरून आलेली पाचसहा मुले होती. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली. आज त्यांतला एक बँकेत कारकून आहे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, एक दुबईत गोदामाचा हिशेब ठेवतो, एक दिल्लीत स्पर्धा परीक्षांचे क्लास घेतो. एकच जण तालुक्याहून एका दैनिकाला बातम्या पाठवतो; त्याची कमाई बातमीवर नाही, मिळवून दिलेल्या जाहिरातींवर ठरते. मी इतिहास शिकवतो. चळवळीतले कार्यकर्ते भेटले की म्हणतात, तुम्ही लेखणी टाकून पळालात. हा आरोप आपल्याच इतिहासाला धरून नाही, असे माझे म्हणणे आहे.

आपल्या पत्रांचा इतिहास आपण नावांनी आणि तारखांनी पाठ करतो. ती पत्रे चालवणाऱ्याच्या घरी चूल कशावर पेटत होती, हे मात्र कोणी विचारत नाही.

शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 च्या जुलैत पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ काढले. हे कांबळे पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. साहेबलोकांच्या पंगतीची व्यवस्था पाहायची आणि उरलेल्या वेळात मासिक चालवायचे. त्याच मासिकाने मुरळीच्या प्रथेवर घाव घातला, खुद्द एका मुरळीचे पत्र छापले. पगार बटलरकीचा आणि काम संपादकाचे, अशी ही सुरुवात आहे.

‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 रोजी निघाले तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. नोकरी सरकारी, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे. शाहू महाराजांनी 2,500 रुपये दिले म्हणून पत्र उभे राहिले. पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. जुलैत बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. पुढे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप संपादक झाले. ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासदही होते. 1923 साली पत्र बंद पडले. त्याचे खापर माणसामाणसांतल्या भांडणावर फोडायची आपल्याला सवय आहे. भांडणे झाली, नाकारायचे कारण नाही. पण संस्थापक सातासमुद्रापार, समाज बहुतांशी निरक्षर आणि जाहिरातदार तोंड फिरवून बसलेले, असे पत्र भांडणाशिवायही किती दिवस तगले असते?

‘बहिष्कृत भारत’ची कथा याहून बोलकी आहे. 3 एप्रिल 1927 ते 15 नोव्हेंबर 1929 एवढेच त्याचे आयुष्य. हाताखाली लिहिणारे कोणी नाही म्हणून 24-24 रकाने बाबासाहेबांनी एकट्याने भरले. घर मात्र वकिलीवर आणि शिकवण्यावर चालत होते. कोलंबियाचा आणि लंडनचा डॉक्टर, बॅरिस्टर, त्याला जिथे पत्रावर पोट भरता आले नाही, तिथे तांड्यावरच्या पोराने ते भरून दाखवावे अशी अपेक्षा कोणत्या हिशेबाने धरायची?

नंतरच्यांचेही तेच. ‘जनता’चे संपादन केलेले बी. सी. कांबळे 1957 साली लोकसभेत गेले. ‘प्रबुद्ध भारत’चे संपादक शंकरराव खरात मुळात वकील, पुढे ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1984 च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. ‘अस्मितादर्श’ अनेक वर्षे सांभाळणारे डॉ. गंगाधर पानतावणे प्राध्यापक होते. यांना पळालेले कोण म्हणेल? कोर्टाने, विद्यापीठाने त्यांना भाकरी दिली, आणि त्या भाकरीवर आपली पत्रे जगली.

राहिला प्रश्न मोठ्या दैनिकांचा, जिथे पगार आहे. बी. एन. उनियाल यांनी 1996 साली दिल्लीत एका परदेशी वार्ताहरासाठी दलित पत्रकार शोधायला घेतला. सरकारमान्य 686 वार्ताहरांची यादी त्यांनी चाळली. एकही दलित सापडला नाही. दहा वर्षांनी, 2006 मध्ये, दिल्लीतल्या माध्यमांतील निर्णय घेणाऱ्या 315 जणांची पाहणी झाली. दलित आणि आदिवासी शून्य. 2019 च्या एका अहवालात वरिष्ठ 121 पदांपैकी 106 पदांवर उच्चवर्णीय होते, अनुसूचित जाती-जमातीचा एकही नाही. या दालनात जो कधी बसलाच नाही, त्याने ते सोडले असे कसे म्हणता येईल?

या अंगाने सध्या टिपणे काढतो आहे. मुंबई-पुण्याची आणि नागपूरची पत्रे ग्रंथालयांत थोडीफार भेटतात. जिल्ह्याजिल्ह्यांतून निघालेल्या साप्ताहिकांचा आणि अनियतकालिकांचा मात्र पत्ता लागत नाही. त्यांचे संपादक कोणत्या नोकरीत होते, छपाईचे बिल कोणी भागवले, कोणाच्या घरचे काय गहाण पडले, हे जुन्या अंकांत छापलेले नसते. ते बायकोला, भावाला, छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याला ठाऊक असते. ज्यांच्या घरी असे अंक किंवा अशा आठवणी असतील त्यांनी या त्रैमासिकाकडे जरूर कळवावे.