संपूर्ण कुटुंब की संशयित कुटुंब?

बालसंरक्षणाच्या आजच्या विचारात ‘संपूर्ण कुटुंब’ हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. मूल एकटे वाचवता येत नाही. त्याचे आईवडील, आजीआजोबा, भावंडे, घरातले उत्पन्न आणि घरातले भय या साऱ्यांचा एकत्र विचार केला तरच ते सुरक्षित राहते, असा त्याचा आशय. हा आशय आम्हांस मान्य आहे. तो अगदी नवा आहे, हे मात्र मान्य नाही. बार्शी आणि तिच्या भोवतालच्या सोलापूर जिल्ह्याचा इतिहास चाळला तर दिसते की शासनाने येथे शंभर वर्षांपूर्वीच संपूर्ण कुटुंबाचा विचार केला होता. तो कोणत्या दृष्टीने केला होता, हा खरा प्रश्न आहे.

आरंभ त्याही आधीचा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पुढे १८७५ साली लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांच्या पुढाकाराने पंढरपुरात तशीच संस्था उभी राहिली आणि ती प्रार्थना समाजाने चालवली. विधवाविवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता मिळाली होती, रूढीने मात्र दिली नव्हती. गरोदर राहिलेल्या विधवेपुढे स्वतःचा जीव देणे किंवा अर्भकाचा घेणे, एवढेच मार्ग उरत. या गृहांनी तिला तिसरा मार्ग दिला : गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे.

असंख्य जीव त्यामुळे वाचले असतील. तरीही या रचनेतली एक खंत नजरेआड करता येत नाही. मूल वाचावे म्हणून कुटुंब पुसले जाई. आईचे नाव झाकलेले, बापाचे तर विचारलेलेच नाही. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला दोष दिला. त्याला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली आणि नेमक्या त्या न विचारलेल्या पुरुषाला समोर उभे केले. अर्भकाच्या मृत्यूला एकटी आई नव्हे, तर तिच्याभोवतीची सारी घडण जबाबदार आहे, हे प्रतिपादन मराठीत इतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी केले होते. फुले दांपत्याने आपल्या गृहात जन्मलेला काशीबाईंचा मुलगा यशवंत दत्तक घेतला, तोही याच विचाराचा आचार होता. आश्रयाच्या पुढे जाऊन त्यांनी मुलाला घर दिले.

विसाव्या शतकात चित्र पालटले. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर सोलापुरात मोठी वसाहत वसली आणि बार्शीतही अशी एक वसाहत होती. लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘सेटलमेंट’. कैकाडी, पारधी, मांग गारुडी, कंजारभाट अशा भटक्या जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात आणली गेली. हजेरी सक्तीची आणि बाहेर जायला परवाना. सोलापुरात मोठ्यांना गिरण्यांत काम दिले गेले. मुलांसाठी शाळा होतीच.

कागदावर पाहिले तर हा संपूर्ण कुटुंबाचाच कार्यक्रम होता : निवारा, रोजगार, शिक्षण, देखरेख, सारे एका आवारात. केवळ आरोप मात्र साऱ्या कुटुंबावर होता. मूल जन्मतःच संशयित, कारण आईबाप संशयित. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहसदृश वसाहतींत ठेवण्याची मुभा दिली होती. १९११ च्या कायद्यातही मुलांना वेगळे काढून औद्योगिक किंवा सुधारशाळेत घालण्याचा अधिकार सरकारकडे राहिला. हे सारे मुलाच्या हिताच्या भाषेत लिहिलेले होते. त्या भाषेत घर हाच रोग होता.

याच बार्शीत १९३४ साली मामासाहेब जगदाळे यांनी श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन केले. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराने शिकावे, हा त्यांचा ध्यास. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांची जी परंपरा रुजवली, तिच्याशी नाते सांगणारे हे काम. वसतिगृहातही मूल घर सोडते. मात्र तेथे बाप स्वतः पोराला पोहोचवायला येतो, सुट्टीत पोर घरी जाते आणि शिकलेला मुलगा हा साऱ्या घराचा अभिमान ठरतो. एकाच गावात, जवळजवळ एकाच काळात, मूल घरापासून दूर ठेवण्याच्या या दोन रीती होत्या. आम्हांला त्यांतला भेद मूलभूत वाटतो. एका रीतीत कुटुंबाला विचारले गेले, दुसरीत कुटुंबाची हजेरी घेतली गेली.

साहित्याच्या अभ्यासकांना याची साक्ष आपल्याच कपाटात सापडेल. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मध्ये गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणारा बाप, जातपंचायतीचा विरोध सोसून, पोराला शाळेत घालतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) मध्ये लहान मुलाला भय वाटते ते घराचे कमी आणि घरात शिरणाऱ्या पोलिसांचे अधिक. ज्या कुटुंबांना कायद्याने मुलांचे शत्रू मानले, त्याच कुटुंबांत मुलाची राखण करणारी माणसे होती. ही आत्मकथने वाचताना आपण दारिद्र्य पाहतो, भाषा पाहतो. ही राखण पाहायची बहुधा राहून जाते.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातील या जमाती विमुक्त झाल्या. मुलांसाठीचा निराळा कायदा इलाख्यात १९२४ पासून होताच. त्यातून ‘रिमांड होम’ हा शब्द मराठीत रुळला आणि धाक घालण्यापुरता घराघरांत पोचला. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने अखेर तत्त्व म्हणून लिहून ठेवले की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा उपाय. महाराष्ट्रात संस्थेऐवजी घरीच मूल सांभाळण्यासाठी मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा २२५० रुपये झाली आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. पुण्यातील त्या गृहात परक्या बाळंतिणींची सेवा करणाऱ्या बाईचे नाव या योजनेस शोभते.

नाव योग्य असले तरी दृष्टी जुनी राहू शकते. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचे मूल शाळेत दिसत नाही, तेव्हा नोंदवहीत ‘पालक बेफिकीर’ असा शेरा पडतो, की त्या मुलाला आजीजवळ ठेवून हंगामी वसतिगृहाचे जेवण मिळवून दिले जाते? पारधी वस्तीवरचे मूल सिग्नलवर आढळले, तर पहिला प्रश्न आईला विचारला जातो, की आईबद्दल पोलिसांना? कुटुंबाकडे पाहण्याची सरकारी नजर अशा लहान निर्णयांतून उघडी पडते. सोलापुरातील एका वस्तीच्या नावात ‘सेटलमेंट’ हा शब्द अद्याप आहे. बालसंरक्षणाच्या प्रशिक्षणात त्या शब्दाचा इतिहास शिकवला जावा, एवढी आमची अपेक्षा आहे.