शालेय पोषण आहार योजना (महाराष्ट्र)

पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना शाळेतच दुपारचे शिजवलेले अन्न मोफत देणारी, केंद्र व राज्य यांच्या भागीदारीतील योजना. केंद्राच्या दप्तरी २०२१ पासून तिचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे आहे. गावात मात्र ती ‘शाळेतली खिचडी’च राहिली आहे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांना ती लागू आहे. घरचे उत्पन्न, जात किंवा शिधापत्रिकेचा रंग कोणी विचारत नाही. त्या दिवशी वर्गात हजर असलेले मूल जेवणाला पात्र, एवढीच अट. योजनेचे बळ या अटीत आहे आणि तिच्या उणिवाही तिथूनच सुरू होतात.

देशातील या कल्पनेचे माहेर तमिळनाडू. के. कामराज यांच्या कारकिर्दीत, १९५० च्या दशकात, तेथे शाळांमधून दुपारचे जेवण सुरू झाले; १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी २,४०८ गटांत सुरू झाली. महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांनी तेव्हा सोपी वाट धरली : महिन्यात ८० टक्के हजेरी भरली की मुलाला तीन किलो कोरडे धान्य द्यायचे. पिशवीतून घरी गेलेला तांदूळ साऱ्या घराच्या हंडीत शिजे. मुलाच्या वाट्याला त्यातले किती येई, याचा हिशेब लागणे शक्य नव्हते. शिवाय मजुरीच्या दिवसांत शाळा बुडवणारे, म्हणजे सर्वांत गरजू मूलच, ८० टक्क्यांच्या अटीत अडके.

चित्र पालटले ते सर्वोच्च न्यायालयामुळे. गोदामांत धान्य साठलेले आणि राजस्थानात दुष्काळ, अशा स्थितीत पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने प्रत्येक शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळेत किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने देणारे शिजवलेले अन्न, वर्षातून किमान २०० दिवस देणे राज्यांवर बंधनकारक केले. पुढे निकष वाढले. आज पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने ठरलेली आहेत. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण हक्क ठरले. २०१५ च्या नियमांनुसार ते न मिळाल्यास भत्ता देणे राज्यावर बंधनकारक आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवसाचा हिशेब हजेरीपासून सुरू होतो. उपस्थितांचा आकडा ठरला की लहान मुलांसाठी माणशी १०० ग्रॅम आणि मोठ्यांसाठी १५० ग्रॅम तांदूळ मोजून काढायचा. डाळ अनुक्रमे २० आणि ३० ग्रॅम. अन्न शिजल्यावर शिक्षकाने आधी चव घ्यायची, नोंदवहीत सही करायची आणि मगच वाढप. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेले अन्न खाऊन २३ मुले दगावली, तेव्हापासून या सहीकडे कोणी निव्वळ उपचार म्हणून पाहू नये अशी अपेक्षा आहे. शहरांत बऱ्याच ठिकाणी मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून डबे येतात.

धान्य केंद्राचे. डाळ, भाजी, तेल, मसाला व इंधनासाठी मे २०२५ पासून प्राथमिकला दर मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे धरले आहेत. बाजारात टोमॅटो-कांद्याचे भाव चढले की कात्री कुठे लागते, हे कोणताही मुख्याध्यापक सांगू शकेल. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, द्यायचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून लोकसहभागाचा मार्ग सुचवण्यात आला. लोकसहभाग सधन गावात उभा राहतो. ज्या वस्तीला अंड्याची खरी गरज, तिथे वर्गणी देणार कोण?

एका पंगतीत सर्व जातींची मुले बसणे हा या योजनेचा बोलून न दाखवलेला भाग आहे. विसाव्या शतकात सुधारकांना सहभोजने मुद्दाम घडवून आणावी लागत. इथे ती रोज होतात, निदान व्हायला हवीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी व मदतनिसांच्या नेमणुकीत दलित व आदिवासींना प्राधान्य देण्यास सांगितले होते, कारण विटाळाची खरी कसोटी ताटात कोण वाढते यावर लागते. ती अजून संपलेली नाही : डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातील एका शाळेत दलित स्वयंपाकिणीच्या हातचे खाण्यास काही मुलांनी नकार दिला. तिची नेमणूक रद्द झाली आणि गदारोळानंतर तिला परत घ्यावे लागले. या कामावर बहुतांशी गरीब घरांतील बायकाच असतात. केंद्राने २००९ मध्ये ठरवलेले मानधन दरमहा १,००० रुपये, तेही वर्षातील दहा महिन्यांचे. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून ते २,५०० रुपयांपर्यंत नेले आहे.

दारात कोणी अडवत नसले, तरी दारापर्यंत पोचू न शकणारी मुले आहेत. विनाअनुदानित शाळेत कर्ज काढून मूल घालणारे कुटुंब योजनेबाहेर राहते. नववीत जाताच थाळी थांबते; मुलींच्या रक्तक्षयाच्या वयात हे घडते. बीडसारख्या जिल्ह्यांत आईबाप ऊसतोडीला निघाले की मूल हंगामी वसतिगृहात राहिले तर जेवते. फडावर गेले तर त्याचे नाव पटावर राहते आणि ताट रिकामे. उन्हाळी सुटीत अन्न मिळते ते मुख्यतः दुष्काळ जाहीर झालेल्या भागांत, तेही २००४ च्या त्याच आदेशामुळे. करोनाकाळात शाळा बंद पडल्या तेव्हा शिजवलेल्या अन्नाऐवजी पुन्हा कोरडा शिधा वाटण्यात आला.