कुतुबनुमा आणि ध्रुव

भांडगावच्या आमच्या घरी अब्बा कुतुबनुमा पाहून किब्ल्याची दिशा ठरवत. चुंबकाशी माझी ओळख तिथली.

चुंबकाच्या आत काय चालते, हे न्यूट्रॉन सांगतो. क्ष-किरण मुख्यतः अणूंची मांडणी दाखवतात. न्यूट्रॉन स्वतःच इवलासा चुंबक असल्याने अणूंच्या चुंबकत्वाची दिशाही दाखवतो. १९४९ मध्ये अमेरिकेत क्लिफर्ड शल व सहकाऱ्यांनी मँगनीज ऑक्साइड असे तपासले. त्यातले निम्मे अणुचुंबक एका दिशेला, निम्मे उलट. म्हणून बाहेरून तो निर्जीव भासतो.

आपल्या ट्रॉम्बेत १९५६ साली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. पी. के. अय्यंगार यांनी तिथे न्यूट्रॉन-विकिरणाच्या संशोधनाचा पाया घातला. १९८५ मध्ये ‘ध्रुव’ आली. चुंबकीय पदार्थांचा अभ्यास तिच्यावर होऊ लागला.

कुतुब म्हणजेही ध्रुवच! विज्ञान परक्यांचे, असे आपल्या मुलांना वाटते, तेव्हा मी त्यांना हे सांगतो.